पाय लागला तर हात द्यायचा

रशियन फौजा आमच्या देशातून गेल्या तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती देशाची नव्हे, माझ्या नोकरीची. हे मी कुणापासून लपवत नाही. मी शाळेत रशियन शिकवत होते. त्यांचे रणगाडे आगगाडीवर चढून उत्तरेकडे जायला लागले, आणि माझ्या वर्गातली मुलं एकेक करून इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की सप्टेंबरपासून तुम्हीही इंग्रजीच शिकवा. मी म्हटलं, मला येत नाही. ते म्हणाले, इथे कुणाला येतं? मग मी शनिवारी शिकायची आणि सोमवारी शिकवायची. पोरांच्या एक धडा पुढे राहायचं, एवढंच ध्येय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, पण त्या वर्षी आमच्या शाळेत पोहरा आधी वर आला आणि आड मागून भरला.

आता मी पन्नाशीला टेकले आहे, आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की सैन्याकडे दुभाष्याचं काम करते. पाच टेकड्यांच्या छावणीत दर उन्हाळ्यात परदेशी फौजा येतात आणि आमच्या पोरांबरोबर सराव करतात. जिथे पूर्वी रशियनमधून शिव्या ऐकू यायच्या तिथे आता इंग्रजीतून येतात. दोन्हींचं भाषांतर मला करता येतं, पण करत नाही.

या परदेशी फौजा इथे कशाला येतात, तेही सांगते. आमच्या देशाला शेजारी दोनच, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, दोघेही अंगापिंडाने दांडगे. उत्तरेच्या शेजाऱ्याने कित्येक वर्षं आम्हाला सांगितलं की दक्षिणेकडे बंदूक रोखून बसा. आम्ही बसलो. मग तो स्वतःच एक दिवस बिऱ्हाड आवरून निघून गेला. तेव्हा राजधानीतल्या शहाण्या माणसांनी ठरवलं की आता कुणावरच बंदूक रोखायची नाही, दोन्ही शेजाऱ्यांशी गोड राहायचं, आणि दूरदूरचे देश जोडायचे. त्यांना नाव दिलं तिसरा शेजारी. ज्याच्या कुंपणाला आपलं कुंपण लागत नाही तो शेजारी कसला, असं मी कॅप्टन नारमंदाखला विचारलं होतं. हा नारमंदाख माझाच विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसून वाळवलेलं दही चघळायचा, पुढे अमेरिकेत शिकून आला, आणि आता सैन्यातल्या एका कंपनीचा, म्हणजे तुकडीचा, प्रमुख आहे. तो म्हणाला, बाई, कुंपणाला कुंपण लागत नाही म्हणूनच तो जमीन मागत नाही. मी म्हटलं, मग आपल्या अडीअडचणीला तो कशाला धावेल? त्यावर तो म्हणाला, म्हणून आधी आपण त्याच्या कामाला धावायचं. द्यायला आपल्याकडे तोफा नाहीत, पण माणसं आहेत.

त्या माणसांत माझा माणूस होता.

माझा माणूस म्हणजे दुगरजाव. नारमंदाखच्या कंपनीतला सगळ्यांत जुना सार्जंट, वय सत्तेचाळीस, पाठ सरळ, गुडघे कुरकुरणारे. पोरं त्याला दुगरदादा म्हणतात. शरदात ही कंपनी संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी सहा महिने आफ्रिकेत जाणार होती. कुठल्याशा देशात आपसांत मारामाऱ्या चालल्या होत्या, तिथल्या दवाखान्याला आणि धान्याच्या गाड्यांना पहारा द्यायचा होता. अट एकच, या उन्हाळ्याच्या सरावात कंपनीने परीक्षा पास व्हायची. नाही झाली तर पुढच्या वर्षी दुसरी कंपनी जाईल. आणि पुढच्या वर्षी दुगर वयाच्या नियमात बसणार नाही. म्हणजे त्याच्यासाठी आत्ता नाही तर कधीच नाही.

मला तो जायला नको होता. आमच्या तारुण्यातली वर्षं गोबीच्या वाळवंटातल्या एका लष्करी ठाण्यावर गेली, जिथे वाऱ्याने दार एकदा उघडलं की दोघांनी मिळून लावावं लागायचं. त्यातच रशियन गेल्यानंतरचं ते वाईट दशक आलं, दुकानात मीठसुद्धा नसायचं. आता कुठे शहरात गरम पाण्याच्या नळाचं घर आहे, मुलगी आपल्या संसारात आहे, गावाबाहेर बटाट्याचा एक वाफा आहे आणि आंबट पिवळ्या फळांची झुडपं यंदा पहिल्यांदा धरली आहेत. त्या झुडपांपाशी बसून चहा प्यायला मला तो हवा होता. सरकारला तिसरा शेजारी हवा, म्हणून मी माझा नवरा का द्यायचा, असं मी मुलीला म्हटलं, शेजारणीला म्हटलं, मांसवालीलाही म्हटलं. फक्त त्याला म्हटलं नाही. तोही मला विचारत नव्हता. आमच्या घरात भांडण मोठ्याने होत नाही. मी बटाटे सोलते आणि तो बूट पुसतो. त्या उन्हाळ्यात त्याच्या बुटांत तोंड दिसायला लागलं होतं.

परीक्षा होती दंगल आवरण्याची. माळावर फळ्या आणि टायर लावून एक खोटा रस्ता केला होता. दुसऱ्या एका कंपनीची पोरं दंगेखोर झाली होती. सदरे उलटे घातलेले, हातात प्लॅस्टिकच्या बाटल्या, तोंडाने आरडाओरडा. आमची पोरं शिरस्त्राण, ढाल, दंडुका घेऊन खांद्याला खांदा लावून उभी. ढालींची ओळ मोडता कामा नये, हा मुख्य नियम. परीक्षक मेजर हेन्ली म्हणून एक अमेरिकन होते, तोंडावर तीळच तीळ, बोलायला अतिशय सभ्य. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

सुरुवात झकास झाली. बाटल्या आल्या, ढालींवर आपटल्या, ओळ हलली नाही. मग दंगेखोर अंगावर आले आणि रेटारेटी सुरू झाली. रेटारेटीत गोबीकडच्या लुव्सानचा बूट एका दंगेखोराच्या पायावर पडला. लुव्सानने ढाल बगलेत मारली, दंडुका दातांत धरला आणि हात पुढे केला. दंगेखोरानेही ओरडणं थांबवून हात दिला. मग दोघं पुन्हा एकमेकांना रेटायला लागले. तेवढ्यात लुव्सानच्या जागी जे खिंडार पडलं होतं त्यातून दोघे आत घुसले, त्यांचे पाय आणखी कुणाच्या पायांवर पडले, आणि मग जिकडेतिकडे हातच हात. मेजर हेन्लींच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली.

आमच्याकडे पायाला पाय लागला तर तिथल्या तिथे हात मिळवतात. नाही मिळवला तर त्या दोघांत वैर येतं म्हणतात. खरंच येतं का, ते कुणी थांबून पाहिलेलं नाही. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, लग्नात, अंत्ययात्रेत, पाय लागला की हात निघतो. मन विचार करायच्या आत निघतो. नीट चालता न येणारं पोरसुद्धा पाय लागला की आधी हात पुढे करतं आणि मग पडतं.

मेजरांनी विचारलं, ही पोरं दंगेखोरांना शरण जातायत का? मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, पण दंगल चालू असतानासुद्धा? हा प्रश्न सार्जंटसाठी होता, म्हणून मी दुगरकडे वळले. छावणीत मी त्याला अहोजाहो करते, तो मला इतरांसारखंच बाई म्हणतो.

"सार्जंट, साहेब विचारतात, दंगल चालू असतानासुद्धा?"

"बाई, साहेबांना सांगा, पाय दंगलीतच जास्त लागतात."

मी जसंच्या तसं सांगितलं. मेजर मनापासून हसले, आणि हसता हसता कागदावर नापास लिहिलं. माणूस न्यायाचा होता. ते म्हणाले, पोरं फार सभ्य आहेत म्हणून ओळ मोडली, असं मी वर कळवू शकत नाही. उद्या सकाळी एक संधी आणखी देतो, त्यात ओळ मोडली तर विषय संपला.

संध्याकाळी भटारखान्याच्या मागे सगळी कंपनी जमली. उन्हं अजून टेकड्यांवर होती. हुशूरचा, म्हणजे मांस भरून तळलेल्या पुऱ्यांचा, ढीग मधोमध, आणि मी मिठाचा दुधाळ चहा ओतत होते. दुगरने आधी हुकूम सोडून पाहिला, उद्या कुणी हात द्यायचा नाही. लगेच जोड्या लावून सराव केला. हात आपोआप जात होते. मग उजवे हात ढालीच्या पट्ट्याला बांधून पाहिले, तर पोरं कोपर पुढे करायला लागली. हात कसा आवरायचा हे दाखवायला दुगर स्वतः पुढे झाला, मुद्दाम एकाचा पाय तुडवला, आणि "असं" म्हणता म्हणता त्याचा हात पुढे गेला. पोरं पोट धरून हसली. तोही हसला, पण मी त्याला ओळखते. त्याचे कान पांढरे पडले होते.

मला काय वाटत होतं ते सांगते. मी चहा ओतत होते आणि मनात म्हणत होते, होऊ दे नापास. मला काही करावं लागणार नाही, मला नाही म्हणावं लागणार नाही, हा आपोआप घरी राहील. देशाच्या सुरक्षेचं देश बघून घेईल.

तेवढ्यात दुगर म्हणाला, हात आगाऊ देऊन टाकू. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवायचे, म्हणजे नंतर लागलेल्या पायांचा हिशेब आधीच मिटलेला. यावर लुव्सानने नाक मुरडलं. लुव्सान असा पोरगा आहे की त्याला चहा दिला तरी तो आधी कप कुठल्या हाताने धरायचा ते विचारतो. तो म्हणाला, दुगरदादा, आधीच हात दिला म्हणजे पाय तुडवायचा परवाना घेतल्यासारखं होईल. आणि एका हातात किती पाय माफ? दोन वेळा लागला तर? यावर जी चर्चा सुरू झाली तशी संसदेत होत असेल असं मला वाटत नाही. दंगेखोर कंपनीची पोरंही येऊन बसली, कारण पाय त्यांचेच होते. शेवटी ठरलं की लुव्सानने आपल्या आजोबांना विचारावं. फोनला रेंज फक्त टेकडीच्या माथ्यावर मिळते. लुव्सान वर चढला, त्याच्या मागून निम्मी कंपनी चढली.

आजोबांनी आधी विचारलं की तुमच्याकडे पाऊस झाला का. मग मेंढ्यांचं सांगितलं. मग प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, वैर येऊ नये म्हणून हात द्यायचा असतो, मग आधी दिला काय नि मागून दिला काय. खोगीर घोड्यावर बसायच्या आधीच आवळतात ना? आणि एवढ्यासाठी पुन्हा फोन करू नकोस, मी मेंढ्या आणायला निघालो होतो.

परत येताना दुगर माझ्या बरोबरीने चालत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं तेव्हा त्याने हळूच विचारलं, तुला काय वाटतं, जमेल? मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी नुसती भाषांतर करते. तो दोन पावलं पुढे निघून गेला. मला वाईट वाटलं, पण शब्द एकदा गेला की गेला.

सकाळी मेजर हेन्ली घड्याळ बघत उभे होते आणि समोर दोन्ही कंपन्या रांगेने एकमेकींसमोरून चालत हात मिळवत होत्या. प्रत्येक जण प्रत्येकाशी. काही जण तब्येतही विचारत होते. मेजरांनी मला विचारलं, दंगल कधी सुरू होणार? मी म्हटलं, ओळखदेख झाली की. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हात मिळवून सुरू झालेली दंगल त्यांनी पाहिली नव्हती. पण नियमात त्याला मनाई नव्हती.

आणि काय सांगू, ओळ उभी राहिली. बाटल्या आल्या, शिव्या आल्या, रेटारेटी झाली, पायांवर पाय पडले, आणि लुव्सानसकट सगळ्यांचे हात ढालींवर घट्ट. मी नापास व्हा म्हणून बसलेली बाई, पण मलाही बघावंसं वाटायला लागलं. पोरांनी ढालीच्या मागून एकमेकांना डोळे मारले.

मेजर काही दुधखुळे नव्हते. त्यांनी बाजूला गवतात बसलेल्या आपल्या काही सैनिकांकडे बोट केलं आणि म्हणाले, तुम्हीही दंगेखोर व्हा. ते आडदांड गडी उठले आणि सरळ ओळीच्या मध्यावर येऊन धडकले. त्यांच्याशी कुणी हात मिळवला नव्हता. मध्यावर दुगर होता. त्याच्यासमोर आलेला गडी त्याच्यापेक्षा हातभर उंच होता. दोघांची ढालीआड झोंबाझोंबी चालली, आणि दुगरचा तो चकाकणारा बूट सगळ्या वजनानिशी त्या गड्याच्या पायावर पडला. गडी जोरात कळवळला.

मला दुगरचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्याचा उजवा हात दंडुक्यावरून सुटला आणि थोडा वर आला. शेजारच्या पोरांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, त्यांच्या शेजारच्यांनीही पाहिलं. त्याने दिला असता तर सगळ्यांनी दिला असता. मेजरही त्या हाताकडेच बघत होते. मला वाटलं होतं, आता मी मनात म्हणेन, दे, देऊन टाक आणि घरी चल. पण माझ्या तोंडून निघालं, "धर, दुगर, धर." मोठ्याने नाही, पण निघालं. मला माझाच राग आला. दुगरने हात खाली आणला, ढालीची कड पकडली आणि डोळे मिटले. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता. ओळ तशीच राहिली, शेवटच्या शिट्टीपर्यंत.

शिट्टी झाली आणि दुगर ढाल टाकून त्या गड्यामागे धावला. गडी लंगडत चालला होता. मागे बघतो तर सार्जंट अंगावर येतोय. त्याने मुठी आवळल्या. दुगरने त्याच्यासमोर थांबून हात पुढे केला. तो बिचारा हाताकडे बघे, माझ्याकडे बघे. मी लांबून इंग्रजीतून ओरडले की दे रे बाबा हात, नाहीतर जन्माचं वैर होईल. त्याने दिला. मग बाकीचे अमेरिकन गडी एकेकाने गाठले गेले, आणि त्यांना काही कळायच्या आत त्यांचे हात हलवले गेले. मेजर हेन्लींनी कागदावर पास लिहिलं.

पण एक पायरी अजून होती. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांची वेगळी मुलाखत घ्यायची, असा त्यांचा नियम. आमच्या कंपनीत तसा एकच माणूस होता. दुपारी तंबूत टेबलाच्या एका बाजूला मेजर, त्यांच्या शेजारी कॅप्टन नारमंदाख, कडेला मी, आणि समोर दुगर, टोपी मांडीवर घेऊन. माझ्या छातीवरच्या पाटीवर माझ्या बापाचं नाव होतं आणि त्याच्या छातीवर त्याच्या बापाचं. आमच्याकडे लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. तेव्हा आम्ही कोण एकमेकांचे, हे मेजरांना कळायला मार्ग नव्हता. नारमंदाखला माहीत होतं, पण तो चहाच्या कपात बघत बसला होता. आणि दुभाष्याचा नियम असा की समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं, काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. इतकी वर्षं मी तो पाळला होता.

मेजरांनी विचारलं, या वयात का जायचं आहे? मला वाटलं दुगर नेहमीचं सांगेल, हुकूम आला की जायचं. घरी तो तेवढंच म्हणायचा. पण त्याने मांडीवरची टोपी सरळ केली आणि बोलायला लागला.

"बाई, सांगा साहेबांना. मी अठराव्या वर्षी रणगाडा चालवायला शिकलो आणि दक्षिणेकडे तोंड करून बसलो. लढाई आली नाही, ते बरंच झालं. मग उत्तरेचे गेले, तेल संपलं. मग मी बंद पडलेल्या रणगाड्यांवर पहारा दिला. तिकडे चोरसुद्धा फिरकत नव्हता. सगळा जन्म सैनिक म्हणून गेला, पण माझ्यामुळे कुणी एक माणूस रात्री निर्धास्त झोपला, असं कधी झालं नाही. ते एकदा करून बघायचं आहे."

हे सगळं मला "मी, मी" म्हणत इंग्रजीतून सांगावं लागलं. माझा रणगाडा, माझा पहारा, माझा जन्म. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने हे मला सांगितलं नव्हतं, आणि आता मी ते एका परक्या माणसाला सांगत होते. निर्धास्त झोपण्याचं वाक्य आलं तेव्हा मला थांबून म्हणावंसं वाटलं, अरे मूर्खा, मी झोपले ना. गोबीत वारा दार तोडत होता तेव्हा मी तुझ्या शेजारी ढाराढूर झोपत होते, ते काय उगीच? पण दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं. मी भाषांतर पूर्ण केलं.

मेजरांनी मग विचारलं, तिकडे तुमची रीत कुणाला माहीत नाही. गर्दीत कुणाचा पाय तुडवला गेला तर काय कराल? दुगर म्हणाला, ओळ मोडणार नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाला शोधायला जाईन. मेजरांनी ते बराच वेळ लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, आता उठायचं. पण त्यांनी पेन उघडंच ठेवलं.

ते म्हणाले, शेवटचा प्रश्न, हा सगळ्यांनाच विचारावा लागतो. सहा महिने घरापासून दूर. बायकोची संमती आहे का?

नारमंदाखला ठसका लागला. मी दुगरकडे वळले. माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मला आजही नवल वाटतं.

"सार्जंट, साहेब विचारतात, तुमच्या बायकोची संमती आहे का?"

दुगरने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. घरी तो असा बघत नाही. घरी तो बुटांकडे बघतो.

"बाई, साहेबांना सांगा, तिला अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही. तिने माझ्यापायी पुष्कळ वारा खाल्लाय. ती नाही म्हणाली तर मी जाणार नाही, आणि तिच्यावर रागावणारही नाही. पण ती हो म्हणाली तर मला फार बरं वाटेल."

बाहेर पोरं ढाली धूत होती, त्यांचे आवाज येत होते. मेजर पेन धरून माझ्याकडे बघत होते. नारमंदाखला इंग्रजी येत होतं आणि आमची भाषा तर येतच होती, त्यामुळे मी काय म्हणते ते त्याला दोन्हीकडून कळणार होतं.

"येस," मी म्हणाले. "त्याची बायको हो म्हणते."

मेजर म्हणाले, तो तर बराच वेळ बोलत होता. मी म्हटलं, बायकोची थोडी कुरकुर आहे, तिचं म्हणणं आहे की गुडघ्यांना लोकरी पट्ट्या बांधून जा आणि फोन लागेल अशी टेकडी पहिल्या दिवशीच शोधून ठेव. पण हो म्हणते. मेजरांनी "हो" एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.

दुगरला इंग्रजीतले चार शब्द येतात, त्यातला एक "येस" आहे. तो उठून उभा राहिला. त्याने मेजरांना कडक सलाम केला. कॅप्टनला केला. मग टाच वळवून तो माझ्यासमोर आला, आणि मलाही तसाच कडक सलाम ठोकला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही भरले होते, म्हणून मी खाली बघून टेबलावरचे कप गोळा करायला लागले.

तो तंबूबाहेर गेल्यावर मेजर हेन्लींनी कुतूहलाने नारमंदाखला विचारलं, दुभाष्याला सलाम करायची तुमच्या सैन्यात पद्धत आहे का?

"नाही सर," नारमंदाख म्हणाला. "त्याच्या घरात आहे."